पेरुगेटचे पैसे, मोदी गणपतीची विद्या

माझ्यावर दोन माणसांचं देणं आहे. दोघांची कामाची जागा पुण्याच्या पेठांत, एकमेकांपासून पायी दहा मिनिटांवर. दोघं एकमेकांना चांगले ओळखत, सणावाराला विचारपूस करत, एकमेकांबद्दल वावगा शब्द काढत नसत. पण संगणकाचा विषय निघाला की त्यांचं कधीच जमलं नाही. एक आमचे सर. नारायण पेठेत, मोदी गणपतीजवळच्या एका वाड्यात वरच्या मजल्यावर ते युनिक्स आणि सी शिकवत. दुसऱ्या वहिनी. सगळी पेठ त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून मीही म्हणत आले. पेरुगेटजवळ त्यांचं डीटीपीचं दुकान होतं.

सर युनिक्सचे, वहिनी विंडोजच्या. आज एवढ्यावरून दोन माणसांत वाद व्हावा हे तरुणांना नवल वाटेल. 1990 च्या दशकात कोणत्या यंत्रावर हात बसला यावरून पुढची नोकरी ठरायची, वाचायची पुस्तकं ठरायची, कधीकधी मैत्रीसुद्धा. मी सरांच्या बाजूची झाले आणि आजही तिकडेच आहे. सरांची फी मात्र मी वहिनींच्या विंडोजवर मराठी पानं जुळवून भरली. हे नीट लिहून ठेवायला हवं असं गेली काही वर्षं वाटत होतं.

1993 साली मी स. प. महाविद्यालयात बी.एस्सी. करत होते, विषय गणित. संगणकाचे क्लास तोवर गल्लोगल्ली निघाले होते. बहुतेकांच्या पाटीवर डॉस, वर्डस्टार, लोटस, फॉक्सप्रो अशी नावं असत, विंडोज 3.1 नुकतं येऊन त्या यादीत वर चढत होतं. सरांच्या पाटीवर दोनच शब्द होते. फी विचारायला गेले आणि आकडा ऐकून उठले. माझे वडील निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे हे पैसे मागणं शक्य नव्हतं. सरांनी थांबवलं. "मराठी टायपिंग येतं का तुला?" मी 40 शब्दांची सरकारी परीक्षा दिली होती. "मग पेरुगेटला जा. तिथल्या वहिनींना हात हवाय. त्यांचं यंत्र मला पटत नाही, पण बाई कामाच्या चोख आहेत. पैसे मिळतील तसे आणून दे." मी त्याच संध्याकाळी गेले.

आधी सरांच्या खोलीबद्दल. तिथे एकच खरा संगणक होता, 386. त्याच्या पाठीमागून केबली निघून भिंतीलगतच्या टर्मिनलांना जोडलेल्या. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. डोकं सगळं त्या एका 386 मध्ये. सहा मुलं एकाच वेळी त्यावर काम करायची आणि प्रत्येकाला वाटायचं की यंत्र आपलंच आहे. वेळेचे बारीक तुकडे करून प्रत्येकाला आळीपाळीने देणं ही युनिक्सच्या आधीपासूनची कल्पना, पण बेल लॅब्जमध्ये 1969 साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहिलं तेव्हा ती छोट्या यंत्रावर, थोडक्या माणसांनी लिहिलेल्या सुटसुटीत रूपात आली. गणेशखिंडीत सी-डॅकने 1991 साली परम 8000 हा महासंगणक उभा केला होता आणि शहराला त्याचा अभिमान होता. मला त्याच्याइतकंच अप्रूप नारायण पेठेतल्या त्या 386 चं वाटायचं, कारण त्याने सहा जणांना पुरून उरायचा वसा घेतला होता.

त्या यंत्रावर झेनिक्स होतं, युनिक्सचाच एक अवतार. सरांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला सांगितलं की हे झेनिक्स मुळात मायक्रोसॉफ्टचं. मायक्रोसॉफ्टने एटी अँड टीकडून युनिक्सचा परवाना घेऊन 1980 साली ते जाहीर केलं, पुढे त्याचा कारभार एससीओ या कंपनीकडे गेला. विंडोजला नावं ठेवणारे सर हे लपवत नव्हते, उलट आवर्जून सांगत. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्याकडून काय आलंय ते आधी सांगून टाकायचं, ही त्यांची रीत होती. मी ती त्यांच्याकडून घेतली.

व्हीआय या संपादकाने मात्र आम्हाला रडवलं. टर्मिनलांच्या बाणाच्या कळा चालत नसत. डावीकडे जायला एच, खाली जे, वर के, उजवीकडे एल. सर म्हणाले, बिल जॉयने 1976 च्या सुमारास व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्यासमोर एडीएम-3ए नावाचं टर्मिनल होतं आणि त्याच्या कळफलकावर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. कारण कळलं आणि राग गेला. पुढे स्टॉलमनचा ईमॅक्स हा दुसरा संपादक आला, त्यावरून आमच्या क्लासमध्येही दोन तट पडले. मी व्हीआयची राहिले. आजही माझी बोटं त्या चार अक्षरांवर जाऊन बसतात.

सी आणि पास्कल यांच्यातला वादही तेव्हा जिवंत होता. अप्पा बळवंत चौकात कर्निघन आणि रिचींच्या पुस्तकाची स्वस्त भारतीय आवृत्ती मिळायची, आणि तिच्या शेजारी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी', ज्यावर या देशातल्या कितीतरी मुलांनी हात बसवला. कॉलेजात टर्बो सीचा निळा पडदा. सी जिंकल्यात जमा होतं. तेव्हा सरांनी एका संध्याकाळी सी बाजूला ठेवून आम्हाला हडपसरची गोष्ट सांगितली. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत टाटांनी 1981 साली संशोधन केंद्र काढलं, टीआरडीडीसी. तिथे केशव नोरी काम करत होते. 1970 च्या दशकात ते झुरिचला निकलाउस विर्थ यांच्या गटात होते, आणि पास्कलच्या पी-कंपायलरवरच्या टिपणात पहिलं नाव त्यांचं आहे. त्या कंपायलरची युक्ती अशी: कार्यक्रमाचं भाषांतर कुठल्याही खऱ्या यंत्राच्या आज्ञांत करायचंच नाही; एका कल्पित यंत्राच्या आज्ञांत करायचं. मग ज्याच्याकडे जे यंत्र असेल त्याने ते कल्पित यंत्र चालवणारा छोटा दुभाषा तेवढा लिहायचा. त्या जोरावर पास्कल जगभरच्या नाना यंत्रांवर पोचलं. 1995 साली जावा आली आणि सगळीकडे तिच्या आभासी यंत्राचं कौतुक सुरू झालं, तेव्हा मला हडपसर आठवलं. यंत्रायंत्रांत भांडण असेल तर दोघांच्या मधे एक तिसरी जागा बांधायची, ही कल्पना मी एका वाड्यातल्या बाकावर ऐकली होती आणि ती रुजवणाऱ्यांपैकी एक माणूस माझ्याच गावात कामाला होता.

आता वहिनी.

त्यांच्या सासऱ्यांचा खिळ्यांचा छापखाना होता. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या केसमधले खिळे उचलत, जुळाऱ्यांच्या बरोबरीने ओळी जुळवत. ट्रेडल विकून त्या जागी संगणक आणायचा निर्णय त्यांचा होता, घरच्यांचा विरोध पत्करून घेतलेला. विंडोज 3.1, त्यावर पेजमेकर, मराठी अक्षरांसाठी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. काही गिऱ्हाइकांसाठी सी-डॅकचं आयएसएम. मराठी संगणकावर आणण्याचं काम त्या काळात मोठ्या प्रमाणात याच शहरात चालू होतं. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं, काम 1988 नंतर सी-डॅकबरोबर पुण्यात आलं होतं.

त्या काळच्या मराठी फाँटची बांधणी वहिनींकडेच मला समजली. एका फाँटात 256 जागा. त्यात इंग्रजी अक्षरं बसलेली असायची, तीच काढून तिथे आपले तुकडे बसवायचे: अर्धा श, काना, वेलांटीचे दोन-तीन आकार, रफार, उकार. टाइप करताना यंत्र हे तुकडे शेजारीशेजारी मांडून अक्षर घडवायचं. यंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतंच, आकारांची रांग होती. कोणता तुकडा कोणत्या जागेवर हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं. म्हणून एका फाँटातला मजकूर दुसऱ्या फाँटात उघडला की उलटसुलट खुणांचा चिखल दिसायचा. वहिनींना याचा त्रास वाटत नसे. त्यांनी खिळ्यांचं काम केलं होतं. या फाउंड्रीचा खिळा त्या फाउंड्रीच्या केसमध्ये चालत नाही हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

मी पानामागे पैसे घेऊन टाइप करायची. दिवाळीआधीचे दोन महिने रात्र-रात्र. त्या मुद्रितं पट्टी ठेवून वाचत, एकदा मजकूर म्हणून आणि दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीकडून वर, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा फसत नाही. एक परिच्छेद पानाच्या तळाशी एकाच ओळीने तुटला तर तो तसा सोडायच्या नाहीत. "अगं, वाचणाऱ्याला कळत नाही काय खटकलं ते, पण खटकतं," असं त्या म्हणायच्या आणि आधीच्या चार परिच्छेदांत कुठेतरी केसभर जागा काढून ती ओळ वर ओढायच्या. पेजमेकरमध्ये हे डोळ्यांसमोर व्हायचं. त्यांना विंडोज आवडायचं ते यासाठी. पडद्यावर दिसलं ते कागदावर आलं पाहिजे, मधे कुणी शास्त्री नको.

सरांच्या क्लासची टिपणं छापायला वहिनींकडेच जात. तिथूनच वादाला तोंड फुटलं. सर टिपणं ट्रॉफमध्ये लिहीत. साधा मजकूर, मधे ठिपक्याने सुरू होणाऱ्या आज्ञा: इथे मथळा, इथे परिच्छेद, इथे तिरपं. पान कसं दिसेल ते छापल्यावरच कळायचं. वहिनी ती फाइल बघून म्हणाल्या, "सर, हे तुम्ही माणसासाठी लिहिलंय की यंत्रासाठी?"

"दोघांसाठी," सर म्हणाले. "वहिनी, तुमचं हे पान दहा वर्षांनी उघडणार नाही. पेजमेकर बदलेल, फाँट बदलेल. माझी फाइल कुठल्याही यंत्रावर उघडेल, कारण तिच्यात लपवलेलं काहीच नाही."

"दहा वर्षांनी पुस्तक उघडेल ना? कागदाला यंत्र लागत नाही."

यावर सर गप्प बसले नाहीत आणि वहिनीही नाहीत. पुढली कित्येक वर्षं हा संवाद थोड्याफार फरकाने चालूच राहिला, दुकानाच्या पायरीवर, एकदा भरत नाट्य मंदिराच्या मध्यंतरात, एकदा माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत. मी दोघांच्या मधे बसलेली असायची आणि मला दोघांचंही म्हणणं जिवापासून पटायचं.

युनिक्सच्या इतिहासातली एक गोष्ट मी पुढे वाचली आणि धावत पेरुगेटला गेले. बेल लॅब्जमध्ये थॉम्पसन आणि रिची यांना नवं यंत्र हवं होतं. नुसत्या नव्या प्रणालीसाठी पैसे मिळेनात. तेव्हा त्यांनी मजकूर तयार करण्याची व्यवस्था करून देऊ असं सांगून पीडीपी-11 मिळवलं, आणि 1971 साली त्याची पहिली गिऱ्हाइकं झाली पेटंट विभागातल्या टायपिस्ट. पेटंटचे अर्ज ओळींना क्रमांक घालून टाइप करण्यासाठी युनिक्स कामाला लागलं. ट्रॉफचा वंश तिथूनच सुरू होतो. मी म्हटलं, "वहिनी, युनिक्सला पहिली भाकरी तुमच्यासारख्यांनी दिली." त्या खूश झाल्या. संध्याकाळी सर आले तेव्हा त्यांनी हे त्यांना ऐकवलं, आणि सर म्हणाले, "मग या की आमच्याकडे परत."

1996 च्या मार्चमध्ये पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली. त्यामागे अतुल चिटणीस होते, बंगळूरला काम करणारे. भारतातल्या एका पिढीला लिनक्स त्यांच्यामुळे मिळालं आणि 2013 साली ते अकाली गेले. ज्या प्रणालीच्या परवान्यासाठी सरांनी उसनवारी केली होती तिच्यासारखीच प्रणाली, मूळ मजकुरासकट, मासिकाच्या किमतीत हातात आली होती. सरांनी ती सीडी कितीतरी वेळ उलटीपालटी केली. त्या आठवड्यात ते लिनस टोरवाल्ड्सवर बोलले, पण त्याहून जास्त अँड्र्यू टॅनेनबॉमवर. ॲम्स्टरडॅमच्या या प्राध्यापकाने प्रणाली शिकवण्यासाठी मिनिक्स लिहिलं आणि 1987 सालच्या पाठ्यपुस्तकात त्याचा मजकूर छापला. फिनलंडचा टोरवाल्ड्स ते पुस्तक वाचून शिकला आणि 1991 साली स्वतःची प्रणाली लिहायला बसला. जानेवारी 1992 मध्ये टॅनेनबॉमनी लिनक्सची रचनाच कालबाह्य असल्याचं जाहीरपणे म्हटलं, टोरवाल्ड्सने तितक्याच तिखटपणे उत्तर दिलं. त्या पुस्तकाचं ऋण टोरवाल्ड्सने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. सर आम्हाला म्हणाले, ज्याच्याशी भांडायचं त्याचं पुस्तक आधी पाठ पाहिजे.

मला पहिली नोकरी लागली ती पोर्टिंगची. पुण्याच्या संगणक व्यवसायाची गोष्ट सांगताना हे काम फारसं कुणी सांगत नाही, म्हणून इथे थोडं थांबते. युनिक्सवाले म्हणजे एक घर असं बाहेरच्यांना वाटायचं, पण त्या घरात भाऊबंदकी होती. सनचं सोलॅरिस, एचपीचं एचपी-यूएक्स, आयबीएमचं एआयएक्स. 1988 साली एटी अँड टी आणि सन एकत्र आल्या म्हणून आयबीएम, एचपी, डेक वगैरेंनी वेगळी चूल मांडली. प्रत्येकीचं युनिक्स थोडं वेगळं, चिप वेगळी, कंपायलर वेगळा. अमेरिकेतल्या कंपनीला आपलं उत्पादन या सगळ्यांवर चालवायचं असे, आणि ते चालवून देणारे हात पुण्यात होते. व्हेरिटास या कंपनीची फाइल सिस्टिम आणि व्हॉल्यूम मॅनेजर सोलॅरिसवर, एचपी-यूएक्सवर, एआयएक्सवर, पुढे लिनक्सवर चालले, त्यात इथल्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. इथलीच पर्सिस्टंट ही कंपनी 1990 पासून दुसऱ्यांच्या उत्पादनांवर काम करत वाढली. मोठ्यांच्या भांडणावर या शहरातल्या हजारो घरांचे हप्ते फिटले.

काम किचकट असे. सनची स्पार्क चिप एखादी संख्या स्मृतीत ठेवताना मोठा बाइट आधी ठेवायची, इंटेलची चिप लहान बाइट आधी. एका यंत्रावर लिहिलेली फाइल दुसऱ्यावर वाचली की आकडा उलटा. चूक कुठेच नसायची, दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर. अशा वेळी दोन्ही टर्मिनलं शेजारी उघडून एकेक बाइट तपासत जायचं. मला त्याचा कंटाळा आला नाही. शेवटच्या ओळीकडून वर वाचायची सवय होती.

आमच्या गटात विंडोजचा भाग सांभाळणारे सहकारी होते आणि चहाच्या टपरीवर रोज जुगलबंदी व्हायची. टर्बो पास्कल लिहिणारा अँडर्स हेल्सबर्ग 1996 साली बोरलँड सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि पुढे सी शार्प त्याने रचली, तेव्हा त्यांनी मला डिवचलं: तुमच्या निळ्या पडद्याचा माणूस आमच्याकडे आला. मी त्यांच्याकडून सी शार्प शिकले. चांगली भाषा आहे, आणि ते मी त्यांना सांगितलंही.

मराठीपाशी मात्र हा सगळा वाद येऊन वेगळाच झाला. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातली देवनागरी भारताच्या इस्की या प्रमाणावर आधारलेली. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, मग फाँट कुणाचाही असो. आकारांची रांग जाऊन पहिल्यांदाच यंत्राला क म्हणजे क कळणार होता. पण तो पडद्यावर जोडाक्षरांसकट दिसायला प्रणालीतच सोय लागते, आणि ती आधी विंडोज 2000 ने केली. तिच्याबरोबर मंगल हा फाँट आला, र. कृ. जोशींनी आखलेला. सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईत शिकवलेले जोशी. सर दुसऱ्याच दिवशी वहिनींच्या दुकानात ते बघायला गेले. बराच वेळ टाइप करत बसले. "हे आपल्याकडे आधी यायला हवं होतं," एवढंच बोलले. त्यांच्या आवाजात मत्सर नव्हता, तळमळ होती. याच जोशींच्या हाताखाली एनसीएसटी या संस्थेत तयार झालेला रघू हा फाँट पुढे मुक्त परवान्याने आला, तेव्हा सरांनी त्याचे नमुने भिंतीवर लावले.

मग लोहित. रेड हॅटने 2004 च्या सुमारास भारतीय लिप्यांचे हे फाँट मुक्त परवान्याने खुले केले. त्यांची अक्षरं पुरवली होती मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे वहिनींच्या दुकानात वर्षानुवर्षं जिची श्रीलिपी चालली त्याच पुण्याच्या कंपनीने. मी माझा लॅपटॉप पेरुगेटला नेला आणि लिनक्सवर मराठी पान उघडून वहिनींसमोर ठेवलं. कंपनीचं नाव ऐकून त्यांना बरं वाटलं. मग चष्मा लावला, पट्टी घेतली आणि पडद्यावर धरली.

पहिली खोट त्यांना तिसऱ्या ओळीत सापडली. सह्याद्रीच्या दऱ्यांचा मजकूर होता आणि पडद्यावर दर्या आला होता, समुद्र. मराठीला रफार वेगळा आणि दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर यांतला आडवा र वेगळा. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून त्या काळात बऱ्याच ठिकाणी तो राहून गेलेला होता. युनिकोडच्या तक्त्यात त्यासाठी ऱ ची स्वतंत्र जागा आहे. त्याला हलन्त जोडून पुढचं अक्षर दिलं की हा र मिळायला हवा, पण कळफलक, फाँट आणि अक्षरं जुळवणारी प्रणाली, तिघांनीही त्याची दखल घेतली तरच. श आणि ल यांचे मराठी आकारही वहिनींना हवे तसे नव्हते. त्यांनी कागद ओढला आणि यादी करायला घेतली. ती संपायला पंधरवडा लागला. मूळ अक्षर, दिसतंय ते, दिसायला हवं ते, अशी तीन रकान्यांची, शाईने लिहिलेली, छापखान्यातल्या दुरुस्तीच्या खुणांसकट.

पुण्याच्या लिनक्स वापरणाऱ्यांचा गट, प्लग, महिन्याच्या पहिल्या शनिवारी मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत जमायचा. तिथेच 2003 पासून ग्नूनिफाय हे संमेलन भरू लागलं होतं. एका शनिवारी मी वहिनींना तिथे घेऊन गेले. विशीतली पोरं, पाठीवर पिशव्या, आणि मधे नऊवारीतून नुकत्याच पाचवारीवर आलेल्या, पदर खोचलेल्या वहिनी. त्यांनी ती यादी समोर ठेवली आणि एकेक अक्षर फळ्यावर काढून दाखवलं: गाठ कुठे यावी, दंड कुठे थांबावा, रेफ कुठल्या खांद्यावर बसावा. एका मुलाने विचारलं, "काकू, तुम्ही लिनक्स वापरता?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाळा. माझं विंडोज आहे आणि तेच राहणार. पण अक्षर सगळीकडे बरोबर दिसलं पाहिजे." सर मागच्या बाकावर होते. त्यांनी नंतर ती सगळी यादी स्वतः साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवली, वहिनींच्या खुणांना शब्द शोधत, आणि ती मी फाँटवर काम करणाऱ्यांकडे पाठवली. माझ्या माहितीत त्या दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

त्यानंतर माझ्या कामाची दिशाच बदलली. पोर्टिंग सोडून मी मराठी मजकुराच्या रूपांतरावर आले: जुन्या फाँटांतल्या फाइली युनिकोडमध्ये आणणं. आकारांची रांग वाचायची, त्यातून अक्षरं ओळखायची. पहिली वेलांटी आकारात आधी येते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रफार आकारात नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. हे उलटेपालटे नियम मी आधी पर्लमध्ये लिहिले, मग पायथनमध्ये, आणि त्या दोन भाषांच्या भांडणावरही माझं ठाम मत आहे, पण ते इथे नको. नियम बरोबर आहेत का हे तपासायला कुठलाही कार्यक्रम पुरत नाही. पट्टी लागते.

दरम्यान मोठ्यांचं भांडण निवत गेलं. 2001 साली लिनक्सला कर्करोग म्हणणारी मायक्रोसॉफ्ट 2016 साली लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली, विंडोजच्या आत लिनक्स चालू लागलं, 2018 मध्ये गिटहब तिने विकत घेतलं. वहिनींच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सरांना सांगू नकोस." सरांना अर्थात माहीत होतं. त्यांना या समेटाचा आनंद झालेला नाही. त्यांच्या मते दोन बाजू असल्या की शिकणाऱ्याला प्रत्येक गोष्टीचं कारण विचारावं लागतं, एकच बाजू उरली की तो विचारायचं सोडतो. मला हे पटतं. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना फाइल कुठे ठेवली जाते हे सांगता येत नाही, आणि त्यांनी ते विचारावं असं त्यांच्या हत्यारांना वाटतही नाही. म्हणून मी त्यांना पहिले दोन आठवडे व्हीआयवर बसवते.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 साली निघाली. वहिनींच्या त्या काळच्या फाइली आज सहजासहजी उघडत नाहीत. सरांची 1994 ची ट्रॉफ टिपणं माझ्या यंत्रावर एका आज्ञेत छापून येतात. आणि वहिनींनी जुळवलेली पुस्तकं वाचनालयांत आहेत, लोक ती नेतात, वाचतात. सरांची टिपणं माझ्याखेरीज फार तर दोघाचौघांकडे असतील.

वहिनींनी 1996 साली जुळवलेलं पेठांच्या इतिहासाचं एक पुस्तक बऱ्याच वर्षांपासून मिळत नाही. लेखकाच्या मुलीने ते पुन्हा काढायचं मनावर घेतलं आणि फ्लॉपीवरच्या फाइली माझ्याकडे आणल्या. मजकूर निघाला. बहुतेक सगळा. सरांचं म्हणणं, तो साध्या युनिकोड मजकुरात लगेच सर्वांना खुला करावा, सजावट मागाहून. मुलीची त्याला संमती आहे. वहिनींचं म्हणणं, मुद्रितं पूर्ण वाचून होईपर्यंत एक ओळही बाहेर जायची नाही, आणि पानं त्या स्वतः लावणार. दुकान त्यांनी बंद केलं आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, तरी रोज दुपारी दोन तास त्या पट्टी घेऊन बसतात. मी यात वहिनींचं ऐकायचं ठरवलं आणि सरांना फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक. पण रूपांतराचा मूळ मजकूर आजच मला पाठव, नियमांसकट." तो पाठवला. परवा त्यांचं उत्तर आलं: सातव्या नियमात आडव्या र चा एक प्रकार सुटतोय, आणि तो वहिनींनी तिसऱ्या प्रकरणाच्या मुद्रितात आधीच खूण करून ठेवलेला आहे का, ते विचार.

विचारलं. ठेवलेला आहे. सातवा नियम दुरुस्त करून चौथं आणि पाचवं प्रकरण मी पुन्हा काढलं आहे, ते उद्या पेरुगेटला पोचवायचं आहे.